काठमांडूत सोडलेला रोजा

रमजान लागायच्या आठवडाभर आधीपासून आमच्या घरी सेहरी-इफ्तारीची वेळापत्रकं यायला लागतात. एक मशिदीचं, एक मेडिकलवाल्याचं, एक कापड दुकानाचं, एक पुढच्या निवडणुकीला उभं राहू पाहणाऱ्या कुणाचं तरी. चारही फ्रिजवर लागतात आणि चारहींत एखाद्या मिनिटाचा फरक निघतो. मग यातलं खरं कुठलं, यावर सासूबाई महिनाभर वाद घालतात. एक मिनिट आधी रोजा सुटला तर दिवसभराची भूक-तहान वाया, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. म्हणूनच, गेल्या नोव्हेंबरात मी एक रोजा चांगल्या पंधरा मिनिटांच्या गोंधळात सोडला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आज कुणीतरी हे पान त्यांना वाचून दाखवेलच.

तो रोजा काठमांडूत सुटला. भुसावळहून आम्ही दोघं आमच्या गाडीने तिथवर गेलो होतो.

नोव्हेंबरात कसला रोजा, असं कॉलेजातल्या सहकाऱ्यांनीही विचारलं होतं. आजारी माणसाला आणि मुसाफिराला रमजानात रोजा न धरण्याची सवलत आहे. बायकांना तर महिन्यातले काही दिवस धरताच येत नाहीत. पण ही माफी नव्हे, मुदतवाढ आहे. सुटलेले रोजे नंतर मोजून भरून द्यायचे. त्याला कजा म्हणतात. घरोघरच्या बायका त्यासाठी हिवाळ्याची वाट पाहतात, कारण दिवस लहान असतो. माझे सहा बाकी होते.

प्रवासाचं निमित्त वर्गात घडलं. मी मुलांना मराठी शिकवते. विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' चाललं होतं. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली उत्तरेत गेला, बंडाच्या वणव्यात सापडला, लुटला गेला, आणि तरी आईवडिलांसाठी गंगाजलाची कावड घेऊन घरी परतला. तास संपता संपता एका मुलीने विचारलं, "मॅडम, गोडसे परत आले. पण बाकीचे, जे परत आले नाहीत, ते कुठे गेले?"

मी सांगितलं, नानासाहेब पेशवे नेपाळात गेले. अवधची बेगम हजरत महलही तिकडेच गेली.

"मग बेगमची कबर कुठे आहे?"

"लखनौला असेल," मी बोलून गेले. मुलीने बाकाखाली फोन पाहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काठमांडूला आहे, मॅडम."

मराठीत एम.ए., उर्दूत एम.ए., आणि बेगम हजरत महलची कबर माहीत नाही! घरी येऊन हे सांगितलं, तर हे म्हणाले, "चला मग, बघून येऊ." हे रेल्वेत, भुसावळच्या लोको शेडमध्ये. बावीस वर्षांत आम्ही जिथे जिथे गेलो ते पासावर गेलो. पास काठमांडूला चालत नाही. तेव्हा गाडी काढायची, दिवाळीच्या सुट्टीत निघायचं, असं जुलैत ठरलं.

मग २३ ऑगस्ट आला. आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना तो दिवस वेगळा सांगायला नको. पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली यात्रेकरूंची बस रस्ता सोडून मर्स्यांगदी नदीच्या दरीत कोसळली. वरणगाव, भुसावळ आणि आजूबाजूच्या गावांतली पंचवीसच्या आसपास माणसं गेली. हवाई दलाच्या विमानाने मृतदेह जळगावला आणले. वरणगाव आमच्यापासून पंधरा किलोमीटरवर. त्या आठवड्यात बाजारातसुद्धा लोक हळू बोलत होते.

घरात नेपाळ हा शब्द उच्चारायची सोय राहिली नाही. सासूबाई म्हणाल्या, "अपने गाँव के लोग जिस रास्ते से लौटे नहीं, उस रास्ते पे तुम कायको जा रहे?" पुण्याहून मुलाचा फोन आला, "अम्मी, जायचंच असेल तर विमानाने जा." तरी आम्ही गेलो. का गेलो, याचं नीट उत्तर माझ्याकडे आजही नाही. हट्ट होता, असं म्हणता येईल. ह्यांनी दोन महिने त्या विषयावर काही न बोलता गाडीचे ब्रेक, टायर, स्टेअरिंग सगळं तपासून घेतलं, एवढं मी पाहिलं.

निघायच्या सकाळी सासूबाईंनी ह्यांच्या दंडाला इमाम जामिन बांधला. हिरव्या कापडाच्या पट्टीत नाणं शिवायचं आणि प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडावर बांधायचं, सुखरूप पोहोचला की ते नाणं गरिबाला द्यायचं, अशी जुनी रीत आहे. आता तरुण मंडळी हे शास्त्रात नाही म्हणतात. नसेलही. सासूबाईंनी दहाचं नाणं शिवलं होतं, आणि त्यांची अट वेगळी होती: "काठमांडू में नहीं खोलना. घर आके मेरे सामने खोलना."

५ नोव्हेंबरला निघालो. बऱ्हाणपूर, इटारसी, जबलपूर, रीवा, प्रयागराज. या भागाचं वर्णन मी करत नाही. रस्ता चांगला आहे आणि चहा गोड आहे. बऱ्हाणपूरला ह्यांनी फक्त एवढंच म्हटलं, की मुमताज महल इथेच गेली, पण तिला आग्र्याला नेणारा शहाजहान होता. तुझ्या बेगमला कोणी नव्हता. वाक्य मला लागलं. मी दोन तास गप्प होते.

७ तारखेच्या संध्याकाळी गोरखपूरला पोहोचलो तो छठचा दिवस निघाला. राप्तीच्या घाटाकडे माणसांचा पूर वाहत होता. डोक्यावर फळांनी भरलेल्या टोपल्या, खांद्यावर उसाचे दांडे, बायकांच्या नाकापासून भांगापर्यंत शेंदूर. त्यांचा तो निर्जळी उपवास छत्तीस तासांचा. माझ्या चौदा तासांचा मला जो काही तोरा होता तो त्या घाटावर उतरला. बुडत्या सूर्याला अर्घ्य देत बायका पाण्यात उभ्या होत्या आणि मला आठवत होतं की हीच राप्ती वर नेपाळातून येते. १८५८ च्या अखेरीस इंग्रजी फौज बंडवाल्यांना उत्तरेकडे रेटत गेली, ती याच नदीच्या वरच्या अंगाला. नानासाहेबांची माणसं नदी ओलांडून तराईच्या जंगलात शिरली. बेगमही आपल्या अल्पवयीन मुलाला घेऊन त्या जंगलातून पार झाली. तेव्हा तिथे ना कमान होती, ना कचेरी. होता तो मलेरिया. नानासाहेब तराईतच तापाने गेले असं इंग्रजांनी मानलं. लोकांनी ते कधी पूर्ण मानलं नाही.

आमच्या वाट्याला आलेली सरहद्द सोनौलीची. गोरखपूरहून शंभर किलोमीटर. आधी ट्रकांची न संपणारी रांग, मग कमान, आणि कमानीखालून सायकलवर भाजी घेऊन इकडून तिकडे जाणारी माणसं. १९५० च्या करारापासून भारत-नेपाळच्या माणसांना एकमेकांकडे जायला व्हिसा लागत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर मी घरी उत्तरांची तयारी केली होती. कुठून आलात, कशाला चाललात, कोणाकडे उतरणार. आमच्या नावांच्या माणसांना अशी तयारी करायची सवय लागलेली असते. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, गाडीची कागदं, विमा, सगळ्यांच्या तीन तीन झेरॉक्स. जवानाने ओळखपत्रं पाहिली, मग गाडीची पाटी पाहिली. एमएच १९.

"ये कहाँ का नंबर है?"

"जळगाव," हे म्हणाले.

तो क्षणभर थांबला. "अगस्त वाली बस... वहीं के लोग थे न?" कागदं परत देत म्हणाला, "पहाड़ में रात को मत चलाना, सर."

माझी सगळी तयारी वाया गेली. त्याचं मला इतकं बरं वाटलं की पलीकडे जाऊन पहिली गोष्ट मी काय केली असेल, तर चहा प्यायले.

पलीकडे भन्सार, म्हणजे जकात कचेरी. जितके दिवस गाडी नेपाळात राहणार तितक्या दिवसांचे पैसे भरायचे आणि परवाना घ्यायचा. कारकुनाने दिलेल्या पावतीवर साल होतं २०८१. तिथे सरकारी व्यवहार विक्रम संवतात चालतो. "एका कमानीत सत्तावन्न वर्षं म्हातारे झालो," हे म्हणाले. भारताचे शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ रुपये, हा दर कितीतरी वर्षांपासून पक्का आहे. पण शंभरापेक्षा मोठी भारतीय नोट तेव्हा चालत नव्हती, म्हणून माझ्या पर्समध्ये शंभराच्या नोटांची गड्डी, किराणा दुकानदारासारखी. आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. नेपाळची वेळ गौरीशंकर शिखराच्या रेखांशावर बेतलेली आहे. फोनने ती आपोआप बदलली. ह्यांनी मनगटावरचं घड्याळ बदललं नाही. रेल्वेच्या माणसाला घड्याळ बदलायला सांगणं म्हणजे मौलवीला किब्ला बदलायला सांगण्यासारखं आहे.

लिपी मात्र आपलीच. देवनागरीत लिहिलेलं सगळं वाचता येतं आणि निम्मंच कळतं, ही अवस्था मजेची आहे. 'बिस्तारै' म्हणजे सावकाश. 'पहिरो' ही पाटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा कपड्यांचं दुकान असेल असं वाटलं. पहिरो म्हणजे दरड कोसळणं. बुटवल सोडून पाल्प्याच्या डोंगरात शिरल्यावर हा शब्द मला चांगलाच पाठ झाला. हा सिद्धार्थ राजमार्ग भारताच्या मदतीने झालेला, आणि पोखऱ्याहून काठमांडूला जाणारा पृथ्वी राजमार्ग चीनच्या. दोन्हींवर वळणं सारखीच. ह्यांचा वेग ताशी तीसच्या वर गेला नाही. मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट दिली. मी एकदाही "हळू चला" म्हटलं नाही, लग्नानंतर पहिल्यांदाच.

पोखऱ्यात मियाँपाटन नावाची वस्ती आहे. नेपाळच्या मध्य डोंगरात चुरौटे म्हणतात ते मुसलमान पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांचे पूर्वज बांगड्या करणारे-विकणारे. राजांनी त्यांना बोलावून वसवलं. तिथल्या एका वयस्क बाईला सलाम करून मी माझ्या ठेवणीतल्या उर्दूत बोलायला सुरुवात केली. ती हसून पाहत राहिली. तिला उर्दू येत नव्हती. तिची भाषा नेपाळी, तिच्या आजीचीही नेपाळी. सलामापलीकडे आमच्या दोघींत समान असं काही नव्हतं. मी ओशाळले. 'मुसलमान असून एवढं चांगलं मराठी कसं बोलता?' असं मला विचारणाऱ्यांवर मी वीस वर्षं मनातल्या मनात चिडत आले आहे. तोच समज माझ्याही डोक्यात बसलेला निघाला.

१२ तारखेला सकाळी पोखरा सोडलं. दोघांनाही ठाऊक होतं की आज ते ठिकाण लागणार. कोणी बोलत नव्हतं. रुंदीकरणाचं काम चाललेलं, धूळ एवढी की पुढच्या ट्रकचा नुसता दिवा दिसावा. दुमरे मागे पडलं. मग मर्स्यांगदी दिसली, खाली खोल, हिरवट राखाडी, आवाज न करणारी. वरून पाहिलं तर नदी कधीच वेगात वाटत नाही.

आंबुखैरेनीजवळ रस्त्याकडेला एक टपरी होती. चहा, उकडलेली अंडी, संत्री. टपरीवाली पस्तिशीची असेल. तिने गाडीच्या पाटीकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "महाराष्ट्र?"

मी मान हलवली.

"जळगाव?"

आपल्या गावाचं नाव इतक्या दूरवर कुणाच्या तोंडी यावं आणि ते अशा कारणाने यावं, यासाठी मन तयार नसतं. तिने चहा ओतला. आइनापहरा इथून फार लांब नाही, म्हणाली. त्या दिवशी तिने टपरी बंद केली होती. खालून माणसं वर आणत होते, गावातली पोरंही गेली होती मदतीला. तिच्या पोराने दोन दिवस जेवण नीट घेतलं नाही. हे सगळं ती पाण्याचं भांडं विसळता विसळता सांगत होती, आमच्याकडे न बघता. मग बघून विचारलं, "आप के अपने थे?"

"नहीं," मी म्हणाले.

"हाँ," हे म्हणाले.

दोन्ही शब्द एकदमच बाहेर पडले. ती एकदा माझ्याकडे, एकदा ह्यांच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, ह्यांना प्रश्न कळला नाही. मी समजावायला लागले, की त्या बसमधलं कुणी आमच्या नात्यातलं नव्हतं, आम्ही फक्त त्याच भागातले. हे काही बोलले नाहीत. टपरीवालीने माझं ऐकून घेतलं, पण पुढे जी काही बोलली ती ह्यांच्याशीच. कुठे गाडी उभी करता येईल, कुठे कठडा आहे, कुठून खाली पाहू नये, ते तिने सांगितलं. चहाचे पैसे घेतले, सुट्टे मोजून परत दिले.

तिने सांगितलेल्या जागी गाडी थांबवली. मी आतच बसले. माझे पाय उतरायला तयार नव्हते. हे कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. रुमाल डोक्यावर बांधला, हात उचलले. पाच मिनिटं असतील, जास्त नाही. बाजूने बस जायच्या तेव्हा धुळीत ते दिसेनासे व्हायचे. परत आले तेव्हा भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. काय मागितलं ते मी विचारलं नाही. गाडी सुरू करताना ते एवढंच म्हणाले, "त्यात आमच्या शेडमधल्या लोकांच्या ओळखीतली माणसं होती. तू नाही म्हणालीस ते बरोबर आहे. पण तिला एवढं कुठे सांगत बसायचं?"

त्यानंतर मुगलिन, त्रिशूली, आणि रात्री आठला काठमांडू.

दुसऱ्या दिवशी मी रोजा धरला. बेगमच्या कबरीवर जायचं तर रिकाम्या पोटी, असं मनाने घेतलं होतं. मुसाफिराला सक्ती नाही, मनाईही नाही. घंटाघरापाशी त्रिचंद्र कॉलेज आहे, जवळच जामे मशीद, आणि मशिदीच्या आवारालगत ती कबर. साधी. घुमट नाही, वर काही थाट नाही. बाहेर मोटरसायकलींचा आणि माइक्रो बसवाल्यांच्या आरोळ्यांचा अखंड गोंगाट.

फैजाबादची ही मुलगी वाजिद अली शाहची बेगम झाली. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि नवाब कलकत्त्याला गेला. ही मागे राहिली. जुलै १८५७ मध्ये तिने आपल्या कोवळ्या वयाच्या बिरजिस कद्रला लखनौच्या गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः हाती घेतला. लखनौ पडलं तरी ती शरण गेली नाही. १ नोव्हेंबर १८५८ ला राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा निघाला तेव्हा बेगमने आपला उलट जाहीरनामा काढला. त्यातला एक टोला मला फार आवडतो: राणीने हिंदुस्थानच्या लोकांना रस्ते बांधण्याच्या आणि कालवे खणण्याच्या कामापलीकडे काय देऊ केलं आहे, असा तिचा सवाल होता. अडीच वळणांवर एक बुलडोझर पाहत आल्यावर तर तो जास्तच पटला.

तिला आसरा दिला तो जंगबहादुर राणाने. आणि गंमत अशी की हाच जंगबहादुर त्याच वर्षी मार्चमध्ये गोरखा फौज घेऊन इंग्रजांच्या बाजूने लखनौवर चालून गेला होता. त्या मदतीचं बक्षीस म्हणून १८६० साली नेपाळला पश्चिम तराईचा मुलूख परत मिळाला. इतिहासात माणसं अशी एका कप्प्यात मावत नाहीत. पेशव्यांच्या घरच्या बायकाही याच शहरात राहिल्या. नानासाहेबांच्या पत्नी काशीबाई त्यांत होत्या. एक मराठी बाई आणि एक अवधी बाई, दोघींचंही घर कमानीच्या त्या बाजूला. दोघी कधी भेटल्या का, हे मला कुठे वाचायला मिळालेलं नाही, पण कबरीपाशी उभं राहून मी तोच विचार करत होते. बेगमला परत यायचं असतं तर इंग्रज निर्वाहाला तनखा द्यायला तयार होते. तिने घेतला नाही. १८७९ साली ती इथेच गेली. लखनौच्या व्हिक्टोरिया पार्कला तिचं नाव मिळालं ते १९६२ मध्ये. १९८४ मध्ये टपाल तिकीटही निघालं.

मी फातिहा वाचली. वर्गातल्या त्या मुलीसाठी फोटो काढला.

मशिदीतल्या फलकावर मगरिबची वेळ पाहून ठेवली होती, पाच वाजून बारा मिनिटं. आम्ही रत्न पार्कच्या बाजूला एका कठड्यावर बसलो. पिशवीत खजूर होते, एका बाईकडून संत्री घेतली. तिथे सुन्तला म्हणतात. ह्यांनी मनगट पाहिलं. "अजून पंधरा मिनिटं आहेत," म्हणाले आणि पाण्याची बाटली पिशवीत ठेवून दिली. मी त्यांच्या शब्दावर निवांत बसले. बेगमचं सांगत राहिले. तेवढ्यात हॉर्नच्या गदारोळातून अजान कानावर आली. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या मशिदीची असेल, लवकर होत असेल. दोघं वाद घालत बसलो. फोन पर्सच्या तळाशी. शेजारी बसलेली संत्रीवाली पाहत होती. तिने आपल्या मोबाइलची स्क्रीन माझ्यापुढे धरली: पाच सोळा. मग माझ्याच पिशवीतला खजुराचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि हाताने खूण केली, खा.

तिला काय ठाऊक होतं, काय नाही, देव जाणे. तेवढ्या गर्दीत मशिदीशेजारी धंदा करते, रोज पाहत असेल.

परतीचा रस्ता मुगलिनहून नारायणघाटकडे धरला. त्याच वर्षीच्या जुलैत सिमलतालला दरड येऊन दोन बसगाड्या त्रिशूलीत गेल्या होत्या, तोच हा रस्ता. त्याबद्दल आम्ही घरी आधी सांगितलं नव्हतं. तिथून सोनौली, आणि मग आपला सपाट, कंटाळवाणा, लाडका मुलूख.

घरी पोहोचलो तेव्हा सासूबाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. ह्यांनी शर्टाची बाही वर केली. हिरव्या पट्टीचा रंग घामाने आणि धुळीने ओळखू येत नव्हता. त्यांनी गाठ स्वतः सोडली, नाणं काढून पदराला पुसलं.

"कित्ते किलोमीटर हुए?"

"सव्वातीन हजार, अम्मी."

त्यांनी नाण्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं. "फिर तो कम बांधी थी मैं," म्हणाल्या, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाला देण्यासाठी उशीखालचे आणखी पन्नास रुपये आणायला मला आत पाठवलं.